'कुरो-ओबी' : गिर्यूने हात आवरला, ते बरोबर होतं का?

इंद्रायणी : काल 'कुरो-ओबी' (2007) हा जपानी कराटे-चित्रपट पुन्हा पाहिला. साल 1932, जपानच्या क्युशू बेटावरचा एक डोजो, म्हणजे कराटे शिकवण्याची जागा, आणि तो ताब्यात घ्यायला आलेले लष्करी पोलीस. गुरूंची शिकवण एकच, आधी वार करायचा नाही. त्यांच्या शिष्यांपैकी गिर्यू ती पाळतो, ताइकान लष्कराला जाऊन मिळतो. मुख्य भूमिकांत खरे कराटेवाले आहेत, तारांवर उडणं नाही. मूठ बसते तेव्हा ती बसलेली कळते. सगळा देश लढाईच्या नशेत असताना हात आवरणारा गिर्यूच मला खरा शिस्तीचा वाटतो.

पन्हाळगड : मला नाही पटत. त्याच वर्षी जपानने चीनचा मांचुरिया बळकावून तिथे मांचुकुओ हे आपल्या हातातलं राज्य उभं केलं. तिकडे माणसं मरत होती आणि हा स्वतःचा शब्द जपत बसला! शिवाय कराटे एवढं सोवळं कधीच नव्हतं. ओकिनावाचे कराटे-गुरू इतोसू आंको यांनी 1908 च्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की शाळेत कराटे शिकवलं तर पुढे सैन्याला उपयोग होईल. वर वॉटर्लूची लढाई शाळेच्या मैदानावरच जिंकली गेली, हा दाखला. ताइकान त्याच शिकवणीतून तयार झालेला आहे, त्याला एकट्याला दोषी का धरायचं?

इंद्रायणी : पत्र खरं आहे. पण शाळकरी मुलांसाठी पिनान काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे संच, बसवले तेही इतोसूंनीच. नाव शांततेचं, आणि पाचही काता बचावाने सुरू होतात. मी स्वतः शिकले आहे. आमचे सर समोरच्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर मूठ थांबवायला लावायचे. थांबवताना खांद्यापासून कमरेपर्यंत अंग ताणून निघतं. मारणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

पन्हाळगड : ती मूठ डोजोत थांबते हो. 'कराटेत पहिला वार नाही' हे कराटे-गुरू फुनाकोशींचं वचन. त्यांचे विद्यार्थी युद्धावर गेलेच, आणि टोकियोतला त्यांचा शोतोकान डोजो 1945 च्या बॉम्बहल्ल्यात गेला. वचनाने काय थांबलं?

जाईजुई : पण शेवटी गिर्यू लढतोच ना? रंग जातात, पडदा काळापांढरा होतो, दोघांना हात उचलवत नाही इतके दमतात. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इंद्रायणी : लढतो, पण लष्करासाठी नाही. माझ्या मते फरक तोच आहे.

पन्हाळगड : तेवढं मान्य. पण मांचुरियातल्या माणसाला त्या आवरलेल्या हाताचा काय उपयोग झाला, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.