मदत हवी आहे: घडीचे कागदी तारे पुण्यात कुठे मिळतील?

मी जपानमध्ये सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते, सध्या पुण्यात घरी आलेय. तिथे ख्रिसमसला सरकारी सुट्टी नसते; मुलांच्या लेखी ख्रिसमस म्हणजे तळलेलं चिकन आणि स्ट्रॉबेरीचा क्रीम केक. आपल्या कॅम्पात दारोदारी लागतो तो तारा प्रत्येक मुलाने स्वतः उघडून वर्गात टांगावा, अशी मनापासून इच्छा आहे. सपाट घडीचा, आत बल्ब सोडायला भोक असलेला, कागदीच. बोहरी आळीत सगळीकडे आकाशकंदील. कॅम्पात ख्रिसमसचा माल अजून लागलेला नाही. ऑनलाइन दिसले ते प्लास्टिकचे. ३५ हवेत, लहान आकाराचे, धार्मिक चित्र नसलेले. खाऊ सुचवू नका, ॲलर्जीमुळे शाळेत चालत नाही. भाऊबीज झाली की निघतेय. त्याआधी असे तारे घाऊक कोण देईल, किंवा बनवून देणारं कुणी माहीत आहे का?