‘ॲसिड कुठं मिळंल?’ म्हणणाऱ्या पोराला आधी काय म्हणावं?

निवृत्त प्रयोगशाळा सहायक, लातूर
घरी रसायनांचे प्रयोग करणारे आम्ही काहीजण रविवारी जमतो. परवा अकरावीतला एक मुलगा पहिल्यांदाच आला. ना नाव सांगितलं, ना नमस्कार. थेट विचारलं, "सल्फ्युरिक ॲसिड कुठं मिळंल?" दोघा जुन्या मंडळींनी त्याला झाडलं, आधी वाचून ये म्हणाले. पोरगं उठून निघालं. मी थांबवून विचारलं, "कशाला पाहिजे रे बाळा?"

बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर पांढरा थर धरला होता, तो काढायचा होता. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर सल्फ्युरिक टाकलं की कॅल्शियम सल्फेट तयार होतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, खालचा थर झाकला जातो आणि क्रिया मंदावते. जोखीम घेऊनही काम अर्धवटच. प्लग काढून कॉइल कोमट पाण्यात, किराणा दुकानातलं लिंबूसत्व घालून बुडवून ठेवली की भागतं. हाकललं असतं तर त्यानं ॲसिड कुठून तरी मिळवलं असतं आणि गच्चीवर एकट्यानं वापरलं असतं. नवख्याला हाकलण्याची ही सवय मोडली पाहिजे.

रसायनशास्त्राचा शिक्षक, नांदेड
सर, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. कशासाठी हवंय ते मागणाऱ्यानंच सांगायचं असतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडविक्रीला बंधनं घातली: 18 वर्षांखालच्याला विक्री नाही, मोठ्यालाही ओळखपत्र दाखवून घेण्याचं कारण सांगावं लागतं. दुकानात जे सांगायचं ते आपल्याला सांगायला काय हरकत? यात मानपान नाही. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. तिथं चूक सुधारायला सवड मिळत नाही. प्रश्न नीट मांडण्याइतका धीर नसलेला मुलगा पाण्यात ॲसिड ओततोय की ॲसिडात पाणी (त्यानं ॲसिड उसळून अंगावर उडतं), हे तरी बघेल का?

बीएस्सीची विद्यार्थिनी, परभणी
सर, धीर शिकवला कुणी? आमची निम्मी प्रॅक्टिकलं जर्नलमध्येच झाली, सगळा वेळ क्लासला. मला बोअरच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजायची होती, मी बी असंच तुटक विचारलं होतं. एका काकांनी न चिडता सगळं सांगितलं: 50 मिलि पाणी, अमोनिया बफर घालून पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) 10, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या सूचकाचे थेंब, मग ते क्षार पकडणारं 0.01 मोलर ईडीटीए थेंबथेंब. लालसर रंग जाऊन निळा आला की थांबायचं. ईडीटीएच्या दर मिलिला लिटरमागं 20 मिलिग्रॅम कठीणता. आमच्या पाण्याला 31 मिलि लागलं, म्हणजे 620. दुसरं पाणी नसलं तर भारतीय मानकात 600 पर्यंत चालतं, आमचं त्याच्याही वर. आता चष्म्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही, लेबल नसलेलं काही ठेवत नाही. काकांनी झिडकारलं असतं तर हे कामून शिकले असते?

कृषी सेवा केंद्र चालक, जालना
आमच्याकडं मोसंबीवाले झाडाच्या खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) नेतात. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. नव्या शेतकऱ्यानं विचारलं नाही तरी मी सांगतो: लोखंडी बादली नको, प्लास्टिकची घ्या. पेस्ट झाल्यावर घासलेला विळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. हे विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. पण शाळकरी पोर एकटं आलं तर मोरचूद देत नाही, घरच्या माणसाला घेऊन ये म्हणतो. त्याला राग आला तरी चालेल.

शिक्षक, नांदेड
ताई, हिशोब अचूक आहे. पण तुम्ही पुढं येऊन आकडा सांगितलात. बहुतेक पोरं उत्तर घेऊन जातात ती परत येत नाहीत, मग आपला सल्ला बरोबर पडला की कुणाचा हात भाजला, काही कळत नाही. म्हणून हेतू कळल्याशिवाय मी ॲसिडाबद्दल अवाक्षर बोलणार नाही. झाडणं चूक होतं, हे मान्य.

सहायक, लातूर
तुमची अट मलाही चालेल, पण ती पोराला आल्या आल्या सांगा, चुकल्यावर नव्हे. काय करायचंय, किती लागेल, कुठं अडलंय, एवढं दारावर लिहून लावू.

शिक्षक, नांदेड
लावा. पण ते वाचूनही नुसतं ॲसिड मागणाऱ्याला मी परत पाठवणार.

विद्यार्थिनी, परभणी
परत पाठवायच्या आधी एकदा विचारा, सर.