बाबांना व्हॅस्क्युलर डिमेन्शिया आहे म्हणतात, म्हणजे नक्की काय?

बाबा ७६, बीपी-शुगर जुनंच. नातवंडांची नावं, जुने किस्से सगळं नीट आठवतं पण चहा करताना पातेलं गॅसवर ठेवून चहापत्तीचा डबा हातात धरून तसेच उभे राहतात, पुढे काय करायचं ते सुचतच नाही. चालही बारीक पावलांची झालीये. एमआरआयनंतर डॉक्टर हे नाव बोलले. विसरभोळेपणा नाही मग डिमेन्शिया कसा?

मीनल_सांगली: अगं असंच असतं यात. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन रक्त कमी पोचतं, त्यामुळे आधी विचार मंदावतो, कामाचा क्रम लागत नाही, स्मरणशक्तीचं बऱ्याचदा नंतर. माझ्या सासूबाई महिनोन्‌महिने तशाच असायच्या आणि मग एकदम एक पायरी खाली, छोटे स्ट्रोक येऊन गेलेले, आम्हाला कळलेही नाहीत.

रानवारा: झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं कमी करता येतं म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू असेल तर ती, यावर जोर द्या. बी१२, थायरॉईडही तपासून घ्या.

डॉ_अ: दोन-तीन दिवसांत अचानक बडबड, गोंधळ वाढला तर आजार वाढला असं धरून बसू नका, युरिन इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं. तोंड वाकडं, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली तर ताबडतोब हॉस्पिटल, थोडा वेळ वाट बघू असं अजिबात नको.

मीनल_सांगली: आणि चहा त्यांनाच करू द्या, फक्त शेजारी उभं राहून एकेक सांगत जा.