मदत हवी आहे: सर्वेचे टक्के आलेत, निष्कर्ष कसा लिहू? (अर्जंट)

घाईत_आहे: ऑफिसचा सर्वे झाला, घरून काम हवं का असा प्रश्न होता. बायका ६१% हो, पुरुष ५४% हो. म्हणजे बायकांना जास्त हवंय असं लिहिलं तर चालेल ना? उद्या सकाळी प्रेझेंटेशन आहे, प्लीज लवकर.

आकडेमोड: किती जणांचे टक्के? आकडे द्या.

घाईत_आहे: २१२. टक्के दिलेत की वर.

जुना_खेळाडू: सॅम्पल ३० च्या वर गेलं की झालं, बिनधास्त लिहा. आम्ही कायम असंच करायचो.

आकडेमोड: ३० चा इथे काय संबंध? बायका किती, पुरुष किती?

घाईत_आहे: १३१ पैकी ८०, ८१ पैकी ४४.

आकडेमोड: मग फरक ७ टक्क्यांचा आणि ९५% खात्रीने सांगायचं तर त्यात साधारण १४ टक्के इकडेतिकडे, म्हणजे खरा फरक शून्य असू शकतो, उलटाही असू शकतो. फरक नाहीच असंही यातून म्हणता येत नाही.

रंगारी: पाय चार्ट थ्रीडी नका करू, पुढची फोड उगाच मोठी दिसते.

सरळमार्गी: ते सगळं नंतर. फॉर्म किती जणांना पाठवला होता?

घाईत_आहे: सगळ्यांना, ९००.

सरळमार्गी: अहो मग ६८८ जण गप्प बसलेत! ज्यांना घरून काम हवंय तेच हौसेने फॉर्म भरणार. १९३६ ला अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने सर्वे केला, त्यांच्याकडे वीस लाखांवर मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी लँडन जिंकणार म्हणाले आणि आले रूझवेल्ट.

जुना_खेळाडू: ऑफिसच्या सर्वेला निवडणूक कशाला? नमनाला घडाभर तेल. बॉसला एक ओळ हवी असते.

आकडेमोड: घ्या ओळ: "उत्तर देणाऱ्या २१२ पैकी १२४ जणांना घरून काम हवं आहे." 'कर्मचाऱ्यांना' असं लिहू नका आणि बायका-पुरुष काढून टाका.

घाईत_आहे: कसं काढू, सरांनी स्लाइडचं हेडिंगच ते दिलंय. काय-स्क्वेअर चाचणी लावून फरक खरा की योगायोग ते निघेल का? एक्सेलमध्ये होतं ना?

आकडेमोड: होतं, पण अपेक्षित आकड्यांचं, म्हणजे फरक नसता तर आले असते त्या आकड्यांचं टेबल आधी स्वतः बनवावं लागतं. आणि उत्तर हेच येणार.

रंगारी: हेडिंगला प्रश्नचिन्ह लावा.