रेडटेल कॅटफिश: ४ फुटी टँक पुरेना, ६ फुटी घेऊ का?

नऱ्ह्याची_काकू

नमस्कार मंडळी. मासे पाळणं हा माझा छंद नव्हे, हे आधीच सांगते. हौस मुलाची. तो नोकरीला हैदराबादला गेला आणि टँक, मासे, फिल्टर धुणं असं सगळं माझ्या गळ्यात आलं.

त्यातला एक रेडटेल कॅटफिश. गेल्या पावसाळ्यात आणला तेव्हा बोटाएवढा होता. दुकानदार म्हणाला, "टँकच्या मापानेच वाढतो, काळजी नको." आज नाकापासून शेपटीपर्यंत मोजायला फूटपट्टी पुरत नाही, वर चार बोटं आणखी लागतात. घरात त्याला पैलवान म्हणतात.

टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सोबत दोन ऑस्कर आणि एक पॅरट होता (हे पण मासेच). होता म्हणतेय, कारण परवा सकाळी तो कुठेच दिसेना. झाकण लावलेलं, खाली फरशीवर काही नाही, आणि पैलवानाचं पोट एका बाजूला टम्म फुगलेलं.

खायला सकाळ-संध्याकाळ कोलंबी किंवा चिकनचे तुकडे घालते. मागतो हो तो! मी ओट्याकडे वळले की काचेला मिशा लावून उभाच. पाणी दोन दिवसांत गढूळ होतं, वास मारतो. फिल्टर वरचा साधा, टँकबरोबर आलेला. तळाला रंगीत गोटे आहेत.

आता ६ फुटी टँक करून घ्यावा म्हणते (६ बाय २ बाय २). काचवाला १२ एमएम काच म्हणतोय. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तेवढा टँक कायमचा पुरेल ना? फिल्टर कुठला घेऊ? चिकन चालतं का? आणि कृपा करून नुसतं "देऊन टाका" लिहू नका, ते शेजारच्या वहिनी रोज ऐकवतात.

पेठेतला_जोशी

तिसऱ्या मजल्यावर पैलवान ठेवायचा तर दुसऱ्या मजल्यावरच्यांची परवानगी काढलीत का? पुढच्या मीटिंगचा विषय तयार आहे तुमच्या सोसायटीत.

हौदवाला

जोशीबुवा, मजल्याचं नंतर बघू.

काकू, मी खेड शिवापूरच्या बाजूला राहतो. शेडमधल्या सिमेंटच्या हौदात माझ्याकडे एक रेडटेल आहे, सव्वातीन फुटांच्या आसपास. त्यामुळे लिहितो ते ऐकीव नाही.

६ फुटी टँक कायमचा पुरणार नाही. वर्षभर पुरेल, फार तर थोडं पुढे. हा मासा अॅमेझॉन, ओरिनोकोसारख्या नद्यांतला. तिथे ५० किलोच्या वरचे धरल्याची नोंद आहे. माणसाकडे पाळलेला तितका होत नाही, पण बरा सांभाळला तर तीन फूट गाठतोच, आणि पंधरा वर्षं सहज जगतो. तुम्ही टँकची लांबी बघताय, मी रुंदी बघतो. हा मासा वळताना अंग फार वाकवू शकत नाही. दीड फूट रुंदीत दीड फुटाचा मासा म्हणजे दर वळणाला नाक आणि मिशा काचेला घासणार. मिशांची टोकं बघा त्याची, झिजून पांढरी झाली असतील. दोन फूट रुंदीत तेच दुखणं थोडं पुढे ढकललं जाईल, इतकंच.

"टँकच्या मापाने वाढतो" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वाढ खुंटते ती घाण पाण्याने, आणि तो खुंटलेला मासा आजारी मासा असतो.

आता आज, या टँकमध्ये काय करायचं ते सांगतो.

पहिलं, गोटे काढा. सगळे. पॅरटसारखे तेही गिळले जातील. हीटर असेल तर त्याला जाळीचं कव्हर घाला. रबरी सक्शन कप, थर्मामीटर, काही सोडत नाही हा. तळ मोकळा ठेवा, शोभेचा विचार नको. ऑस्कर दुसरीकडे हलवा. ते मोठे दिसतात म्हणून सुरक्षित आहेत असं समजू नका.

दुसरं, खाणं. दिवसातून दोनदा हे भयंकर जास्त आहे. पाण्याला वास येतो तो त्याच्यामुळेच. एवढ्या माशाला आठवड्यातून तीनदा पुरे, पुढे आणखी मोठा झाला की दोनदा. चिकन बंद. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही, ती यकृतात साठते. कोलंबी सालासकट द्या, बिनकाट्याचे माशाचे तुकडे द्या, बुडणारे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) भिजवून द्या. गणेश पेठेतल्या बाजारात लहान कोलंबी मिळते, ती धुऊन पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. कुणी जिवंत गोल्डफिश घालायला सांगेल, ऐकू नका. एक तर रोग येतो, शिवाय गोल्डफिशमध्ये असं एक एन्झाइम असतं जे बी-१ जीवनसत्त्व मोडतं. सारखे खाऊ घातले की मासा झटके द्यायला लागतो.

मागतो म्हणून घालायचं नाही. तो कायमच मागणार. नदीत खाणं रोज मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून मिळेल तेव्हा मिळेल ते भरून घ्यायचं अशीच त्याची घडण. पुराच्या दिवसांत तिकडे पाण्यात पडलेली फळंसुद्धा खातो.

आमच्याकडे खाताना बघायला पोरं जमतात, तर सांगतो. तळाशी दगडासारखा पडलेला असतो, डोळे बारीक, मिशा पुढे पसरलेल्या. कोलंबी बुडत बुडत एका मिशीला टेकली की डोकं नुसतं थोडं उचललं जातं. तोंड उघडलेलं दिसतच नाही. "ढब्ब" असा आवाज होतो, कोलंबी गेलेली असते आणि दोन्ही कल्ल्यांतून वाळूचा धूर निघतो. तुमचा पॅरट असाच गेला असणार, त्याला कळलंही नसेल.

तिसरं, पाणी. दर आठवड्याला निम्मं बदला. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ भरला तर २५० लिटर बसतात, म्हणजे सव्वाशे लिटर. मनपाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तर अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय ओतायचं नाही. सोसायटीत टँकर येत असेल तर ते पाणी बहुतेक बोअरचं, जड, आणि त्याचा गुण दर खेपेला वेगळा. त्या दिवशी एकदम निम्मं न बदलता थोडं थोडं बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. आणि खाणं पाणी बदलल्यावर द्या, आधी नाही. भरल्या पोटी घाबरला तर सगळं ओकून टाकतो, मग पुन्हा साफसफाई.

फिल्टर म्हणाल तर वरचा साधा उपयोगाचा नाही. मोठा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या, नाहीतर खाली संप (टँकखालची फिल्टरची वेगळी टाकी) करून घ्या. नवा फिल्टर लावल्या लावल्या जुना काढू नका, महिना-दीड महिना दोन्ही चालू द्या. माशाच्या घाणीतला अमोनिया खाणारे जिवाणू नव्यात बसायला तेवढा वेळ घेतात. लाइट तासन् तास गेली तर बंद कॅनिस्टरमधलं पाणी सडतं, लाइट आल्यावर ते आधी बादलीत काढून टाका, मग चालू करा. आणि बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

स्लॅब_आणि_बीम

व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणून फक्त वजनाचं बोलतो. ६ बाय २ बाय २ म्हणजे २४ घनफूट, साधारण ६८० लिटर. पाण्याचेच ६८० किलो. १२ एमएम काच सव्वाशे किलोच्या आसपास, वर लोखंडी स्टँड. साडेआठशे धरा. हे सगळं १२ चौरस फुटांवर.

राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने करतात. टँकखाली ते ७५० च्या घरात जातं. लगेच स्लॅब कोसळेल असा याचा अर्थ नाही, कारण तो हिशेब अख्ख्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो. खाली बीम आहे अशा भिंतीलगत, लांब बाजू भिंतीला लावून, एवढा टँक बऱ्याच ठिकाणी निभावतो. तरीही ड्रॉइंग बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. बाल्कनीत अजिबात नको. आणि हौदवाला म्हणतात तसा ६ फुटी पुरला नाही आणि पुढे ८ बाय ३ वर जायचं असेल तर तो दोन टनांचा मामला आहे. तिसऱ्या मजल्यावर त्याला माझं उत्तर सरळ नाही.

नवा_गडी

एवढा त्रास कशाला? खडकवासल्यात सोडून द्या. मोकळा फिरेल बिचारा.

हौदवाला

नाही. धरणात नाही, नदीत नाही, पाषाणच्या तळ्यात नाही, कुणाच्या विहिरीतही नाही. केरळात २०१८ च्या पुरानंतर चालकुडी नदीत अरापाइमा सापडले. तोही अॅमेझॉनचाच, कुणीतरी हौसेने आणलेला. आपल्याकडे काच साफ करायला म्हणून विकतात ते सकर मासे आज देशातल्या किती तळ्यांत माजलेत ते मासेमारी करणाऱ्याला विचारा. जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना भाव नाही. आपल्या नद्यांत मुळात शिवडा आहे, तोही मोठा शिकारी कॅटफिश, आणि तोच कमी होत चाललाय. त्याच्या डोक्यावर आणखी एक कशाला?

काचेपलीकडे

काकूंना नाही, पण हे वाचून ज्यांना "आपणही एक कॅटफिश आणावा" असं वाटलं असेल त्यांच्यासाठी: मिशा हव्यात तर पिक्टस घ्या, चार-पाच इंचांवर थांबतो. सिनोडोंटिसही सुरेख असतात. पंगास "शार्क" म्हणून विकतात, तो मात्र घेऊ नका, त्याचीही हीच गत. हॉटेलात बासा म्हणून खाता तो याच जातकुळीतला.

नऱ्ह्याची_काकू

सगळ्यांचे आभार, जोशींचेसुद्धा. गोटे काढले. बादलीत मोजून ठेवले, मुलाच्या म्हणण्यापेक्षा कमी भरले, म्हणजे काही पैलवानाच्या पोटात असावेत. मिशांची टोकं खरंच पांढरी आहेत, मी ते वयामुळे समजत होते.

काल मुलाशी बोलले. भोरला माझ्या भावाचं घर आहे, मागच्या पडवीत जुना सिमेंटचा हौद आहे, १२ बाय ६, पाणी ३ फूट राहतं. पूर्वी गुरांसाठी होता, आता रिकामाच. भाऊ म्हणतो आण. चालेल का? तुमच्याकडे नाही का घेणार, हौदवाले?

हौदवाला

माझ्याकडे नको काकू, माझा तुमच्या पैलवानाला गिळेल. हा थट्टेचा भाग नाही.

भोरचा हौद उत्तम. सहा हजार लिटर होतात. जुना आहे हे बरं, नव्या सिमेंटचा चुना उतरतो आणि पाणी जहाल होतं. तरी आठवडाभर भरून ठेवा, रिकामा करा, पुन्हा भरा. भावाला दोन गोष्टी विचारा. हौदाचं सांडपाणी ओढ्याला जातं का? जात असेल तर तोंडाला पक्की जाळी. आणि गुरांसाठी कधी गोचिडाचं औषध तिथे मिसळलं होतं का? तसं असेल तर तो हौद विसरा.

खरी अडचण थंडीची. त्याला २४ ते २६ अंश आवडतं, २० च्या खाली जाऊ देऊ नका. भोरला डिसेंबरात उघडा हौद त्याच्या कितीतरी खाली जाईल. बाहेरून थर्माकोलची शीट, वरून झाकण, आणि कंट्रोलरवाले टायटॅनियमचे हीटर, एक नव्हे दोन, म्हणजे एक बंद पडला तरी रात्र निभते. बिल येईल, भावाला आधीच सांगून ठेवा. काचेचे हीटर नकोत, शेपटीच्या एका फटक्याने फुटतात.

फिल्टर तिथे बसेपर्यंत मासा हलवायचा नाही. तोवर ६ फुटी टँकचे पैसे खर्च करू नका, त्याच पैशात हौदाचा पंप आणि ड्रम फिल्टर होतो. तुमच्या टँकच्या फिल्टरमधला मळका स्पंज तसाच ओला नेऊन ड्रममध्ये टाका, काम लवकर लागेल.

न्यायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवा, नाहीतर वाटेत पाणी खराब करतो. जाळीने धरायचं नाही, पुढच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना पंख मोडतो. झाकणाचा मोठा क्रेट टँकमध्येच बुडवा, त्याला आत हाका, आणि पाण्यासकट दोघांनी उचला. हाताळताना टकटक असा आवाज करेल, तो करतोच, घाबरू नका. बॅटरीचा एअर पंप चालू, वरून ओला कपडा, गाडीत एसी नको. अंगाला खवले नाहीत, तेव्हा कोरडा हात लावू नका आणि वाटेत मीठ-औषध काही घालू नका. पोचल्यावर हौदाचं पाणी मगाने थोडं थोडं क्रेटमध्ये घालत अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग क्रेट आडवा करा. पहिले चार-पाच दिवस कोपऱ्यात बसेल, खाणार नाही. भावाला सांगा, चिकन देऊन बघू नका.

नऱ्ह्याची_काकू

गोचिडाचं औषध नाही, विचारलं. ओढ्याला पाइप जातो, तो भाऊ या रविवारी सिमेंटने बुजवतोय. ऑस्कर कुणाला हवेत का? दोन्ही धडधाकट आहेत, नऱ्ह्यातून न्यायचे.