पात्राचं दुःख लिहायला गेले की रडगाणं होतंय, काय करू?

निळी_शाई:
तीन महिने एका कथेवर अडकलेय. एसटीतला कंडक्टर आहे, चाळिशीचा, दहा वर्षांचा मुलगा तापाने गेलाय आणि तेरावं झाल्यावर हा पहिल्यांदा ड्युटीवर येतो, एवढीच कथा. काळ जुना, तिकिटांचा ट्रे आणि पंच होता तेव्हाचा. आमच्या वाचनकट्ट्यावर वाचली तर दोघांनी सरळ सांगितलं की हे रडगाणं झालंय. वाईट वाटलं, पण घरी येऊन मोजलं तर चार पानांत 'काळीज' सहा वेळा आणि 'हुंदका' पाच वेळा. मग ते सगळं उडवलं, तर आता माणूस नुसता दगड वाटतोय, त्याचं काही गेलंय हेच कळेना. तुम्ही लोक हे कसं करता? माझ्या मामांनी आयुष्यभर हीच नोकरी केली म्हणून मला हा माणूस नीट उतरवायचाच आहे.

पाणवठा:
ताई, रशियन लेखक चेखवची 1886 ची एक कथा आहे, घोडागाडीवाल्या आयोनाची, मिळाली तर नक्की वाचा. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय. बर्फ पडतंय, गाडीत गिऱ्हाइकं बसतायत आणि हा प्रत्येकाला सांगायला बघतो की माझा मुलगा गेला, पण कुणी ऐकूनच घेत नाही, कुणाला घाई आहे, कुणी शिव्या देतंय. शेवटी तबेल्यात घोडी गवत चघळत असते तिला तो सगळं सांगतो. म्हणजे रडवतं काय, तर दुःखापेक्षा ते सांगायला माणूस न मिळणं. ह्याच चेखवने 1892 मध्ये एका लेखिकेला पत्रात कळवलं होतं की वाचकाला कणव वाटायला हवी असेल तर लिहिताना जरा थंड व्हा. पण थंड लेखकाने व्हायचं, पात्राने नाही, तुम्ही 'काळीज' खोडताना बहुतेक पात्रालाच थंड केलंत.

आणि आपल्याकडे नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' आहेच, 1963 ची. सगळीकडे टवाळी करत हिंडणारा पांडुरंग, त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते आणि तिथे त्याची ती टवाळी साथच देत नाही. आधी इतकी पानं तो आवाज कानात बसलेला असतो म्हणून तो मोडल्याचं ऐकू येतं. तुमचा कंडक्टर एरवी कसा बोलतो हे कथेत कुठे आलंय का?

मुक्कामी_गाडी:
माझे वडील कंडक्टर होते म्हणून लिहितोय. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. त्यावरून रोज भांडणं व्हायची, मिसरूड फुटायला आलेला पोरगा उभा असायचा आणि आई म्हणायची अकरा पूर्ण नाहीत हो. बाबा कधी सोडायचे नाहीत, चेकिंगला सापडलं तर कंडक्टरच्या अंगावर येतं. तर तुमच्या माणसाला असाच एक थोराड पोरगा भेटू दे, आई 'अकरा' म्हणू दे, आणि ह्याने काही न विचारता अर्धं तिकीट फाडून पंच मारावा. ड्रायव्हर आरशातून बघेल, बास. काळजाचं नावही काढू नका. संध्याकाळी डेपोत वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरताना हिशेब जुळेना असंही करता येईल, पण दोन्ही नको, एकच ठेवा.

रानजाई:
मला हे सगळं पटतंय पण थोडं अडतंय. दुःख म्हणजे गप्प बसणं हे आपण शहरातल्या वाचणाऱ्या लोकांनी ठरवून टाकलंय का? आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला बायका हेल काढून रडतात, गेलेल्या माणसाशी बोलत बोलत. आजोबा गेले तेव्हा आजी 'मला कुनाच्या जिवावर सोडून गेलासा वो' असं म्हणत होती आणि त्याच हेलात मधेच काकूला म्हणाली, म्हशीची धार राहिलीय, रेडकू सोडू नको, आणि परत पुढे सुरू. मी नऊ वर्षांची होते, अजून तो आवाज तसाच्या तसा आठवतो. ते रडगाणं नव्हतं, तिला दोन्ही एकाच वेळी करायचं होतं. म्हणून 'हुंदका' शब्द वाईट नाही, पण हुंदक्याच्या आजूबाजूला घर, गोठा, माणसं दिसत नसली की तो खोटा वाटतो. आणि एक विचारू? मुलाची आई कुठाय कथेत?

निळी_शाई:
रानजाई, तुमचं वाचून कथा परत उघडली. आई चार पानांत एकदाच येते आणि डबा हातात देते. तिला नावसुद्धा नाहीये. मी इतके दिवस त्याच्याच काळजामागे लागले होते. आता आधी ती सकाळ लिहिणार, ती मोठ्याने रडतेय आणि रडता रडता भाकरी थापतेय, आणि हा तिथून निघायचं म्हणून बूट घालतोय. अर्धं तिकीट घेतेच, वेबिल सोडून देते. पाणवठा, तो एरवी कसा बोलतो ते खरंच कुठे नाहीये, ड्रायव्हरबरोबरची जुनी थट्टा-मस्करी घालून बघते. मुक्कामी_गाडी, एक विचारायचं होतं, वस्तीच्या गाडीला कंडक्टर रात्री झोपायचे कुठे? पहिलीच रात्र बाहेर काढतोय तो.

मुक्कामी_गाडी:
गाडीतच, मागच्या लांब सीटवर. ड्रायव्हर उन्हाळ्यात टपावर जायचे. बाबा कॅशची पिशवी उशाला घ्यायचे, त्यामुळे कूस बदलली की चिल्लर वाजायची. आम्ही दोघं भावंडं एकदा सुट्टीत बरोबर गेलो होतो, रात्रभर तो आवाज येत होता.