सेल्युलोजचा तंतू १८ साखळ्यांचा की ३६? आणि हे संगणकानं ठरवायचं का?

रानजाई (धागाकर्ती)
वनस्पतींच्या पेशीभित्तीतला सेल्युलोजचा सर्वांत बारीक तंतू ग्लुकोजच्या किती साखळ्यांचा, यावर बरीच वर्षं भांडण चाललं. तंतू काढणारं यंत्र सहा पाकळ्यांचं, पाकळीत सहा प्रथिनं, एक प्रथिन एक साखळी विणतं, म्हणून ३६, हे गणित आपण पाठ केलं होतं. २०१६ साली मॉस या चिमुकल्या वनस्पतीमधल्या या यंत्राच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमांवर संगणकातली प्रतिकृती बसवून पाहिली, तर पाकळीला तीनच प्रथिनं पुरली. साहा त्रिक अठरा! माझं मत: पॉलिसॅकराइडच्या, म्हणजे साखरांच्या लांब साखळ्यांच्या, रचनेत सिम्युलेशनला (संगणकात अणू हलवून बघण्याला) प्रयोगाच्या पंगतीला बसवा.

खडूस_रसायनी
ताई, सूक्ष्मदर्शकात पाकळी त्रिकोणी दिसली म्हणून हे कळलं, संगणक मागून आला. २०२० मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं (नमुना गोठवून बघणाऱ्या) पॉप्लर झाडाच्या याच प्रथिनाचं त्रिकूट थेट दाखवलं, खरा निकाल तो. सिम्युलेशनमधले अणू आपणच लिहिलेल्या फोर्स फील्डवर, म्हणजे अणूंमधल्या बलांच्या सूत्रांवर, नाचतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सेल्युलोजचंच बघा. २००२ च्या क्ष-किरण आणि न्यूट्रॉन विवर्तनातून आलेल्या स्फटिकरचनेत साखळ्या सरळ आहेत. सिम्युलेशनमध्ये सोडल्या की तंतूला पीळ पडतो, आणि किती पडेल ते फोर्स फील्डवर. याला पुरावा म्हणायचं?

धागादोरा
खडूसराव, ती रचना ट्युनिकेट या समुद्री जीवाच्या जाडजूड स्फटिकाची. झाडाचा तंतू तीनेक नॅनोमीटरचा. २-३-४-४-३-२ अशा ओळी धरल्या तर १८ पैकी १२ साखळ्या पृष्ठभागावर येतात! जाड स्फटिकाचा कायदा त्यांना कसा लागेल? एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपायच्या तंत्रात) ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनची शिखरं वेगळी दिसतात: ६५ पीपीएमच्या (त्या मोजपट्टीच्या एककाच्या) आसपास आतली, ६२-६३ ला बहुतेक पृष्ठभागावरची. पण ती सरासरी. कुठल्या साखळीवरचा अणूंचा गट कधी वळतो, शेजारचं पाणी काय करतं, हे एकेका अणूपाशी जाऊन बघायचं तर सिम्युलेशनशिवाय आहे काय हाताशी?

जुना_बंगळुरी
हे काही आजचं खूळ नाही. जी. एन. रामचंद्रन प्रथिनांच्या कोनांसाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण साठच्या दशकातच ते आणि व्ही. एस. आर. राव अमायलोजच्या (स्टार्चमधल्या) साखळीत दोन साखरांमधले कोन कुठे चालतात, कुठे अणू एकमेकांवर आदळतात, याचा हिशेब करत होते. चालू द्या.

खडूस_रसायनी
तो हिशेब काय अशक्य ते सांगायचा. आता लोक 'असंच आहे' म्हणतात, आक्षेप तिथे आहे. आणि सेल्युलोज म्हणजे एकच साखर, एकच जोड. पेक्टिन या पेशीभित्तीतल्याच पॉलिसॅकराइडमधला आरजी-२ हा भाग घ्या: तेरा प्रकारच्या साखरा, त्यातल्या काही दुसरीकडे क्वचितच सापडणाऱ्या, आणि दोन रेणूंना सांधणारा बोरॉन. सिम्युलेशनचं एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं. म्हणजे एका मायक्रोसेकंदाला, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला, ५० कोटी पावलं. काही साखरांचं अणूंचं कडं आकार बदलायलाच तेवढा वेळ घेतं. एवढ्यात फांद्यांनी सगळे आकार घेतले, हे कशावरून?

रानजाई
अहो, पण आरजी-२ चा प्रयोगातून आलेला अणूनिहाय नकाशा तरी कुठे आहे? एवढ्या लवचिक रेणूचा धड स्फटिक होत नाही. तिथे हात जोडून बसायचं का?

खडूस_रसायनी
बसू नका. दोन वेगळ्या फोर्स फील्डचे निकाल शेजारी-शेजारी छापा, आणि एनएमआरचे आकडे बघायच्या आधी भाकीत लिहून ठेवा. तसा पेपर आणा, पंगतीत मीच पाट मांडतो.

धागादोरा
दोन फोर्स फील्ड म्हणजे दुप्पट संगणकवेळ. तो मंजूर कोण करणार, तेही सांगा.